पहिल्या क्रमांकाची रिकामी जागा

जावईबुवांची आणि सासऱ्यांची पहिली भेट झाली तेव्हा जावईबुवा अजून जावई झालेले नव्हते, आणि भेट संपेपर्यंत ते शिल्लक तरी राहतील की नाही याची शाश्वती नव्हती. सहाव्या मजल्यावरच्या त्या घराचं दार उघडलं आणि दारात जो पुरुष उभा राहिला तो चौकटीपेक्षा मोठा होता. चौकट बहुधा त्याच्याभोवती नंतर बसवली असावी. भुवया अशा की पावसात छत्री न्यायला नको. त्याने जावईबुवांना वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, की आपण वजनात कमी भरतोय असं त्यांना आतून वाटायला लागलं. वाटलं ते बरोबरच होतं. हे गृहस्थ वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की शेवटच्या दुकानातली किलोची वजनं आपसूक खरं बोलायला लागत.

मग सोफा आला. त्या सोफ्यात माणूस बसत नसे, बुडत असे. जावईबुवांचे गुडघे कानाशी आले आणि हातातली कपबशी कुठे ठेवावी हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.

"काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"म्हणजे अडकलेली माणसं सोडवता."

"तसंच काहीसं."

"उत्तम. आता मला सांगा, बाईसाहेबांचा सर्वांत श्रेष्ठ चित्रपट कोणता?"

होणाऱ्या बायकोने जिन्यात बजावून ठेवलं होतं, "बाबांना जुने इंग्रजी सिनेमे आवडतात. नुसतं हो हो म्हण." पण या प्रश्नाला हो म्हणून चालण्यासारखं नव्हतं. बाईसाहेब म्हणजे हॉलिवूडची काळ्यापांढऱ्या जमान्यातली एक नटी, एवढंही जावईबुवांना त्या वेळी ठाऊक नव्हतं. काळापांढरा सिनेमा लागला की नावांच्या पाट्या संपायच्या आत त्यांना झोप लागे. समोरच्या भिंतीवर एक पोस्टर होतं: धुकं, एक दीपगृह, त्याच्या पायथ्याशी पाठमोरी बाई. सोफ्यात बुडालेल्या अवस्थेत त्यांना फक्त एक बोट हलवता येत होतं. ते त्यांनी उचललं.

"तो."

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला. सासरे उठले, पोस्टरपाशी गेले, परत आले, बसले.

"दीपगृह," ते हळूच म्हणाले. "तुम्ही दीपगृह पहिलं ठेवता."

त्याचं असं होतं. बाईसाहेबांचे मिळतील तेवढे सगळे सिनेमे सासऱ्यांनी जमवले होते आणि टीव्हीवरच्या लांब फळीवर गुणानुक्रमे लावले होते. डावीकडे पहिला, उजवीकडे शेवटचा. चेहरा, चाल, आवाज आणि गप्प बसणं अशा चार कसोट्या; त्यात गप्प बसण्याला सर्वांत जास्त गुण. पहिल्या जागेवर जिन्याचा सिनेमा होता. त्यात बाईसाहेब एकदा जिना उतरतात आणि पुन्हा कधीच चढत नाहीत. दीपगृहाचा सिनेमा अगदी उजव्या टोकाला, शेवटचा. त्यात धुकं इतकं की बाईसाहेब पडद्यावर कुठे आहेत ते आवाजावरून ओळखावं लागे. पोस्टर भिंतीवर होतं त्याचं कारण एवढंच, की तिथे भिंतीला ओल आली होती आणि झाकायला दुसरं कुठलं पोस्टर वापरायचा सासऱ्यांना धीर झाला नव्हता.

ज्याच्या मताविरुद्ध आजवर कुणी ब्र काढला नव्हता त्याच्यासमोर एका लिफ्टवाल्याने शेवटचा उचलून पहिला केला. सासऱ्यांनी त्याच दिवशी जिन्याचा सिनेमा फळीवरून काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी दीपगृह ठेवलं. हरकत आली की निकाल लागेपर्यंत माल बाजूला काढायचा, ही खात्यातली पद्धत. पहिली जागा रिकामी झाली. लग्न ठरलं. दर रविवारी एक सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा, पुन्हा तोलायचा आणि पहिल्या क्रमांकाचा निकाल एकमताने लावायचा, हेही ठरलं. सगळ्यांनी म्हणजे दोघांनी.

लग्नानंतर दुसऱ्या मजल्यावरचं घर सासऱ्यांनीच बघून दिलं. जावईबुवांना तेव्हा ते प्रेम वाटलं. प्रेमच होतं, पण रविवारी ते वरून खाली हाक मारत असे.

पहिल्या काही रविवारांनंतर जावईबुवांनी बायकोला विचारलं, "तू का नाही येत वर?"

"मी तिसरीत असल्यापासून त्या सोफ्यावर बसले आहे. माझ्याआधी आई बसायची. मी आले तेव्हा ती सुटली."

"आणि तू?"

"मी लग्न करून सुटले."

"मग मी कधी सुटायचं?"

"तुला मुलगी झाली की बघू," बायको म्हणाली आणि बाजाराला निघून गेली.

सासूबाईंना तर हे प्रकरण जुनं होतं. त्या बाईसाहेबांना 'माझी सवत' म्हणत. "आज सवतीचा कुठला?" असं विचारून त्या स्वयंपाकघरात जात आणि दार लोटून घेत.

शहाण्या माणसाने पड खाल्ली असती. जावईबुवांनी खाल्ली. एका रविवारी त्यांनी सोफ्यातून मान वर काढून सांगितलं, "बाबा, मला पटलं. जिन्याचाच पहिला."

"काय पटलं?"

"छान आहे तो."

"छान म्हणजे काय? मागच्या आठवड्यात छान नव्हता?"

"होता. पण आता तुम्ही म्हणता तर..."

सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. "जावईबुवा, दुकानदारही मला हेच सांगायचे. साहेब म्हणतील तेच वजन. असा काटा दिसला की मी त्याला तिथल्या तिथे कुलूप घालायचो. मापात पाप नको. तुमचं मत आहे, ते ठेवा. माझ्या वयाकडे बघून सोडू नका."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "लिफ्टवाल्याला कशाला जिन्याचं कौतुक विचारता? त्याचं पोट लिफ्टवर आहे."

अशी ती अडचण होती. हरायला तयार असलेल्या माणसाला हरू देत नव्हते. झोप लागली तर सासरे म्हणत, "डोळे मिटून ऐकताय ना? बरोबर, दीपगृहवाला माणूस चेहऱ्यावर जात नाही." उशीर झाला तर थांबत. ताप आला तर डिस्क आणि सोफ्याची उशी घेऊन खाली येत.

आणि खरं सांगायचं तर जावईबुवांच्या पायात आणखी एक दोर होता, तो त्यांनीच बांधला होता. कामावर त्यांना दिवसभर एकच प्रश्न विचारला जाई: "अजून किती वेळ?" अडकलेले आतून विचारत, ताटकळलेले बाहेरून विचारत, कंपनीतला साहेब फोनवरून विचारे. "तुम्हाला काय वाटतं?" असं जगात फक्त सहाव्या मजल्यावर विचारलं जात होतं. सिनेमा बघितलाच नव्हता हे सांगून टाकावं तर रविवार मोकळा होईल, पण त्या भुवयांखालून पुन्हा ते पहिल्या दिवसाचं बघणं येईल. त्यापेक्षा बुडलेलं बरं.

पण माणूसच तो, पळवाटा शोधणारच. आधी त्यांनी कंपनीत सांगून रविवारची सगळी तातडीची कामं स्वतःकडे घेतली. शहरातल्या एकूण एक लिफ्टमधल्या पाटीवर रविवारसाठी त्यांचा नंबर लागला. पण रविवारी लिफ्टही सुट्टी घेत असाव्यात, फोन वाजेचना.

मग त्यांना स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट आठवली. जुनी, जाळीच्या दाराची. आतलं दार बोटभर सरकवलं की जागच्या जागी थांबणारी, कारण दार लागलंय हे लिफ्टला सांगणारा एक छोटा खटका असतो. तो सुटला की ती पाऊल उचलत नाही. एका रविवारी वर जाताना जावईबुवांनी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये दार बोटभर सरकवलं. लिफ्ट थांबली. त्यांनी खाली बैठक मारली, पाठ टेकली आणि डोळे मिटले. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, कुणी काही विचारत नाही. सगळ्या शहराला अशा डब्यातून बाहेर काढणारा माणूस त्या डब्यात पहिल्यांदा पोटभर झोपला.

"लिफ्ट अडकली होती," वर गेल्यावर त्यांनी सांगितलं.

"स्वतःच दुरुस्त केलीत?"

"हो."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. मग हे वरचेवर व्हायला लागलं. लिफ्ट फक्त रविवारीच का अडकते हे इमारतीत कुणाला कळेना. सासूबाईंना कळलं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. सुटणाऱ्याला अडवू नये असं त्यांचं तत्त्व होतं.

सासऱ्यांना मात्र काळजी लागली. एका रविवारी ते दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर हजर झाले. "तुम्ही एकटेच अडकता हे मला बरं वाटत नाही. दोघं बरोबर जाऊ. अडकलो तर बरोबर अडकू."

जावईबुवांनी जाळी ओढली, बटण दाबलं. आज दाराला हात लावायचा नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण जो खटका इतके रविवार विनाकारण उघडमीट सोसत आला होता त्याला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, सवयीच्या जागी, टक् असा आवाज झाला. खटक्यातली तांब्याची पट्टी तुटली आणि फटीतून खाली गेली. ती तळाला पोचल्याचा आवाजही दोघांनी ऐकला.

"आता तुमचं काम बघू," सासरे उत्साहाने म्हणाले.

जावईबुवांकडे हत्यारांची पिशवी नव्हती. अंगात घरचा सदरा, पायात सपाता. "हे आतून होत नाही, बाबा. गच्चीवरच्या मशीनरूममधून ब्रेक सोडून हाताने खाली घ्यावी लागते."

"मग कुणाला तरी बोलवा. हा काय, नंबर लिहिलाय." सासऱ्यांनी चष्मा वर करून पाटीवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत फिरवला.

जावईबुवांच्या खिशात फोन वाजला.

दोघांनी काही क्षण तो वाजू दिला.

"घ्या ना," सासरे म्हणाले. "कुणीतरी अडकलं असेल."

शेवटी कंपनीतल्या दुसऱ्या मिस्त्रीला फोन लागला. तो सुट्टी काढून सासुरवाडीला गेला होता आणि आनंदाने यायला निघाला, पण गाव लांब होतं. सासूबाईंना वरून कळलं. चौथ्या मजल्यावरच्या जाळीपाशी येऊन त्यांनी खाली वाकून पाहिलं. "दोघं आत आहात ना? मग असू द्या. मी माझी मालिका लावते."

सासरे लिफ्टच्या फरशीवर बसले, पाय पसरले. "आज दीपगृहाची पाळी होती. हरकत नाही. मला पाठ आहे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. तिथे सोफा नव्हता आणि पाठीला लोखंडी पत्रा टोचत होता, म्हणून असेल, पण जावईबुवांना झोप आली नाही. दीपगृहावर राहणारी बाई. धुक्यात वाट चुकून आलेला खलाशी. तिथे कुणी येत नाही, म्हणून ती त्याला थांबवून घेते. पण धुकं आहे तोवरच तो थांबणार. धुकं विरायला लागतं त्या रात्री त्याची होडी खडकावर आपटू नये म्हणून तीच वर जाऊन दिवा लावते. तो जातो. तिचा चेहरा दिसत नाही, पाठच दिसते. सासरे सांगताना मध्येच थांबले, पाठमोरे वळले आणि तसेच थोडा वेळ बसून राहिले. भुवया दिसत नव्हत्या तर ते बरेच लहान दिसत होते.

"बाबा," जावईबुवा म्हणाले, "मी तेव्हा हा बघितला नव्हता. एकही बघितला नव्हता. समोर पोस्टर होतं, बोट दाखवलं."

जावईबुवांनी ते पहिल्या दिवसाचं बघणं यायची वाट पाहिली.

सासरे सावकाश वळले. "न बघता?"

"न बघता."

"नुसत्या पाठीवरून?"

"बाबा, मी थाप मारली."

"मला ती पाठ कळायला इतकी वर्षं लागली. आत्ता, तुम्हाला सांगताना कळली. आणि तुम्ही दारातून आत येऊन एका बोटाने..." त्यांनी जावईबुवांच्या त्या बोटाकडे पाहिलं, बाजारात आयुष्यात एकदाच सापडलेल्या खऱ्या वजनाकडे पाहावं तसं. "काही माणसांच्या हातातच काटा असतो."

खरं सांगून माणूस सुटतो म्हणतात. इथे खरं सांगितलं आणि वरून आणखी एक कडी लागली.

"म्हणजे दीपगृह पहिलं?" जावईबुवांनी आशेने विचारलं.

"छे. आता मी दीपगृहाच्या बाजूने झुकलोय. झुकलेल्या काट्याने तोलू नये. तुम्ही आता जिन्याची बाजू घ्या, म्हणजे नीट बघता येईल."

"मला नाही जमणार."

"का?"

जावईबुवांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की या वेळी त्यांच्याकडे खरोखरच उत्तर आहे. जिना उतरणाऱ्या बाईला सगळं जग बघत असतं. दिवा लावणाऱ्या बाईला कुणीच बघत नाही. ते त्यांनी सांगितलं. सासऱ्यांनी ते खोडून काढलं. जावईबुवांना राग आला. बाईसाहेबांवरून त्यांना आलेला तो पहिला राग. वरून मिस्त्रीने ब्रेक सोडून लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लावली, दार उघडलं, तरी दोघं आत बसून भांडत होते. मिस्त्री म्हणाला, "बाहेर यायचं का?" तर दोघांनीही त्याला थांबायची खूण केली.

तेव्हापासून जावईबुवांना सिनेमात झोप लागेना. हे त्यांच्या आयुष्यातलं मोठंच नुकसान. त्यांचं खरंच मत झालं होतं, त्यामुळे पड खायची वाटही बंद झाली. सासरे जिन्याकडे झुकले की हे दीपगृहाकडे ओढत, हे थकले की ते दीपगृहाची बाजू घेऊन यांनाच उलटतपासणीला उभे करत. रविवारचा तातडीचा नंबर त्यांनी कंपनीला परत केला. लिफ्टला नवा खटका बसवला, तो आजतागायत बिघडलेला नाही. मुलगी झाली, तिसरीत गेली. पण सोफ्यावर बसायला तिने साफ नकार दिला.

सासरे एका मंगळवारी दुपारी झोपेत गेले. निकाल लागलेला नव्हता. टेबलावरचे दोन्ही सिनेमे सासूबाईंनी कपाटात ठेवून दिले. फळीवरच्या पहिल्या जागेत आता इंटरनेटचा डबा आहे. तिथे सिग्नल चांगला येतो.