वापरात नसलेली खोली

मापाडी गेले त्याला आता वर्ष होत आले. त्यांचे खरे नाव त्यांच्या गाडीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलेले होते. परंतु शहराच्या जुन्या भागातील दीड-दोनशे घरांत त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचे मला स्मरत नाही. धान्याच्या बाजारात माप भरणारा तो मापाडी. हे मापत असत ती ऊब.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या जाड भिंतींच्या घरांतून तेलावर धडधडणारे जुने बॉयलर उतरवायचे, त्यांच्या जागी हीट पंप बसवायचे आणि छपरावर सोलर पॅनेल चढवायची, हा त्यांचा उद्योग. बाहेरच्या गोठवणाऱ्या हवेतही थोडी उष्णता दडून असते. ती वेचून आत आणणारे हे यंत्र. फ्रिज आपल्या पोटातील उष्णता बाहेर टाकतो, हे बाहेरची पोटात घेते, इतकेच. त्यातून निघणारे पाणी जुन्या बॉयलरसारखे कढत नसते. संस्कृतात ‘कोष्ण’ असा एक शब्द आहे: किंचित उष्ण, हाताला सुखावणारे. मापाड्यांना मी तो सांगितला, तेव्हा त्यांनी खिशातील वही काढून टिपून घेतला आणि म्हणाले, “गिऱ्हाइकांना हेच समजावून सांगताना माझी जीभ सुकते. तासभर भाजून घ्यायचं नाही, दिवसभर कोमट राहायचं.”

अशा यंत्राला माप फार नेमके लागते. लहान पडले तर ऐन थंडीत माणसे कुडकुडतात. मोठे झाले तर ते सारखे चालू-बंद होते, धापा टाकते आणि निम्म्या आयुष्यात आटोपते. म्हणून मापाडी घरात शिरले की आधी दिवसभर नुसते मोजत. भिंतीची जाडी, खिडकीच्या फटी, दाराखालून येणारा वारा. शेवटी स्वयंपाकघरात बसून ते विचारत, “घरात माणसं किती? कोण कुठे निजतं?”

एका घरी यजमान म्हणाले, “चार.” आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “साडेतीन लिहा हो! हे घरात असतात तेव्हाही अर्धेच असतात.”

मापाडी वहीतून मान वर न काढता म्हणाले, “अर्धा माणूसही पुरता गारठतो, ताई. चारच धरतो.”

जी खोली कोणी वापरत नसे, ती ते मापातून वगळत. तिथला रेडिएटर, म्हणजे भिंतीलगतचे गरम पाण्याचे ते लोखंडी पात्र, काढून टाकत. जमिनीलगत उरलेल्या दोन नळ्यांच्या तोंडांवर पितळी टोपणे घट्ट बसवत. आणि मागाहून येणाऱ्या कारागिराचा घोटाळा होऊ नये, म्हणून शेजारच्या भिंतीवर शिसपेन्सिलीने तारीख आणि कारण लिहून ठेवत: ‘खोली वापरात नाही.’ अक्षर मोत्यासारखे. ही रीत शहरात दुसऱ्या कोणाची नव्हती.

त्यांची एकुलती लेक त्यांच्याच हाताखाली तयार झाली. खोल्या बापाच्या आणि छप्पर लेकीचे, अशी त्यांची वाटणी होती. जुन्या कौलांवरून ती मांजरासारखी चाले. कुठले कौल फुटेल आणि कुठले भार सोसेल, हे तिला पावलाच्या पहिल्या स्पर्शात कळे. वरून तिची आज्ञा येई, “बाबा, खालून नुसता बघू नकोस, वायर सोड!” आणि ज्यांच्यापुढे सारे कामगार दबून असत, ते मापाडी मुकाट्याने वायर सोडत. तिने वरून हाक मारली की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटे, त्याला वात्सल्य म्हणावे की गर्व, हे मला कधी ठरवता आले नाही.

त्या दोघांचे तुटले ते एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. बाई एकट्या राहत. मोजणी झाली, प्रश्न झाला आणि बाई म्हणाल्या, “ही पलीकडची खोली माझ्या मुलाची.”

“शेवटचे कधी आले होते?” मापाड्यांनी विचारले.

“सात वर्षं झाली असतील.”

“मग वगळतो.”

लेक दारात उभी होती. ती म्हणाली, “बाबा, नको वगळूस. राहू दे.”

“मशीन एक नंबर मोठं घ्यावं लागेल.”

“लागू दे की.”

मापाडी हसले. त्या हसण्याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे माझ्यापाशी अनेकदा बोलून दाखवला. लेकीला म्हणाले, “आपण घरं गरम करतो गं. आशा गरम ठेवायचं यंत्र अजून निघालेलं नाही.”

बाईही शिष्टाचाराने हसल्या. मग चष्मा काढून पुसू लागल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या. जिना उतरताना लेक बापाला म्हणाली, “तुला भिंती मोजता येतात, बाबा. माणसं मोजताना तुझी पट्टी आखूड पडते.” कामगारांच्या देखत म्हणाली. मापाड्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. “एवढं कळत असेल, तर स्वतःचा धंदा थाट,” ते म्हणाले. महिन्याभराने तिने सहा तासांवरच्या शहरात नोकरी धरली. आईला ती फोन करी. बापाची चौकशीही करी. पण फोन त्यांच्या हाती दे, असे कधी म्हणत नसे, आणि यांनीही हात पुढे केला नाही.

तीन वर्षे अशीच गेली. तोवर मापाड्यांच्या स्वतःच्या घरात जुनाच बॉयलर होता. तो एके दिवशी फुटला, आणि त्यांनी आपले घर मोजायला घेतले. त्यांची पत्नी, जिला मी वहिनी म्हणतो, दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरत होती.

“तिची खोली?” वहिनींनी विचारले.

“तीन वर्षं रिकामी आहे.”

“मग?”

“मग काय? नियम सगळ्यांना एकच.”

“नियम गिऱ्हाइकांना हो. ती लेक आहे.”

“आली की बघू.”

“आल्यावर बघायचं नसतं,” वहिनी म्हणाल्या. “आधी बघून ठेवायचं असतं.”

मापाड्यांनी तरीही खोली वगळली. का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “त्या बाईंना मी नियम सांगून रडवलं होतं. स्वतःच्या घरी तोच नियम मोडला असता, तर त्यांना तोंड कसं दाखवलं असतं? आणि राग नव्हता, असंही म्हणवत नाही.” रेडिएटर काढला, टोपणे बसवली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीचा हात थांबला नाही. पेन्सिल निघाली, तारीख पडली, कारण पडले.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी लेक दारात येऊन उभी राहिली. कोणाला कळवले नव्हते. मापाडी स्वयंपाकघरात नळाचा वायसर बदलत होते, ते पान्यासकट बाहेर आले. वहिनींनी तिची बॅग हातात घेतली आणि वजनावरूनच ओळखले की ही आठ दिवसांचे कपडे घेऊन आली आहे.

“किती वाळलास रे बाबा,” ती म्हणाली. तीन वर्षांनंतरचे तिचे बापाशी हे पहिले वाक्य. “तू मात्र चांगली सुटलीस,” असे काहीसे मापाडी बोलून गेले आणि ती खळखळून हसली.

“आई, बॅग खोलीत टाकून येते.”

“अगं, आधी चहा घे,” वहिनी घाईने म्हणाल्या. “बस तरी जरा.”

“आलेच.”

दुसऱ्या कोणाच्या मुलीला ती खोली नुसती गार लागली असती. फार दिवस बंद होती, असे समजून तिने अंगावर शाल ओढली असती. ही त्यांचीच लेक. तिला टोपणे वाचता येत होती. आणि अक्षर तर त्याच हाताचे होते, ज्याने तिला पाटीवर मुळाक्षरे गिरवायला शिकवली होती. मापाडी दारापर्यंत गेले, तेव्हा ती गुडघ्यांवर बसून एका टोपणावर अंगठा दाबून पाहत होती. काम पक्के झाले आहे का, हे तपासायला त्यांनीच तिला तसे शिकवले होते.

ती बाहेर आली ती कोट न काढता. चहा घेतला. मग विचारले, “किती किलोवॅटचं बसवलंस, बाबा?”

“पाचचं.”

तिने मनात हिशेब केला आणि मान हलवली. “बरोबर आहे. दोन माणसांना अगदी बरोबर.”

त्या स्वरात टोमणा नव्हता, राग नव्हता. मापाडी मला म्हणाले, “ती भांडली असती, तर मी तिच्या पाया पडलो असतो. तिनं माझं काम पास केलं.”

कप विसळून ठेवून बॅगेला हात घालत ती म्हणाली, “परतीची बस साडेपाचचीच आहे ना अजून?” वहिनींनी बॅगेचा दुसरा बंद घट्ट धरून ठेवला होता. घरातील त्या क्षणाला एक शब्द हवा होता. कोणताही चालला असता. मापाड्यांच्या तोंडून शब्द आले ते असे: “सहाची आहे. वेळ बदलली.”

आयुष्यभर ज्याने अचूक तेच सांगितले, त्याच्या जिभेला अशा वेळी दुसरे काही सापडले नाही. ती सहाच्या बसने गेली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी टोपणे उघडली. खोलीत नवा, थोरला रेडिएटर लावला. पंधरवड्यात यंत्रही मोठे आणले. पेन्सिलीची अक्षरे खोडरबराने पुसली. पेन्सिल दाबून लिहिण्याची सवय. भिंतीवर खाचा राहिल्याच. त्यांवर दोन हात रंगाचे दिले. दोन माणसांच्या घराला ते यंत्र मोठे होते. ते सारखे चाले, थांबे, पुन्हा चाले. दुसऱ्याच्या घरी असा आवाज आला असता, तर या गृहस्थाने यंत्र बसवणाऱ्याचा उद्धार केला असता. येथे ते ऐकत बसत. वहिनींनी फोनवर लेकीला सांगितले, “खोली आता छान उबदार केलीय गं त्यांनी.” पलीकडून उत्तर आले, “कशाला खर्चात पडलात?”

दीड वर्षाने मापाडी तिला भेटायला गेले. सहा तासांच्या प्रवासात ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द त्यांनी इतक्या वेळा घोळवले की शेजारच्या प्रवाशाने विचारले, “काका, बरं वाटत नाही का?” तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. तिने दार उघडले, बसवले, आईची प्रकृती विचारली, चहा टाकला. ते तोंड उघडणार, तोच बाल्कनीतील यंत्राची घरघर त्यांच्या कानी पडली.

“गाळणी तुंबलीय तुझी,” ते म्हणाले.

“असू दे, बाबा. मी बघेन.”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

दोन मिनिटांच्या कामाला त्यांनी तास लावला. गाळणी धुतली, नळ्यांवरील आवरण नीट केले, सैल नव्हते तेही स्क्रू आवळले. पाठीमागे ती उभी आहे, हे त्यांना जाणवत होते; पण मान वळवण्याचे धैर्य होईना. हात धुऊन वळले, तेव्हा तिच्या हातात त्यांचा कोट होता. “बस चुकेल तुझी,” ती म्हणाली.

ही हकिगत त्यांनी मला माझ्याकडील यंत्राच्या वार्षिक तपासणीला आले असता सांगितली. चहा गार झाला होता. म्हणाले, “घरी मात्र वेगळंच सांगितलं मी. ही वाट बघत बसली होती हो. म्हटलं, लेकीला फार आनंद झाला. आग्रह करकरून जेवू घातलं. सुट्टी मिळाली की येतेय.” मग कपाकडे पाहत म्हणाले, “हिला कधी सांगू नका.”

तीन महिन्यांनी एका जुन्या घराच्या जिन्यातच त्यांचे हृदय थांबले. मी वहिनींना भेटायला गेलो. लेक येऊन गेली होती. दोन दिवस राहिली. आईच्या शेजारी, बाहेरच्या खोलीत निजली. वहिनी शांतपणे बोलत होत्या, आणि बोलता बोलता मापाडी लेकीकडे जाऊन आले त्या दिवसाचा विषय त्यांनीच काढला.

“हे बसमध्येच होते, तेव्हा तिचा फोन आला मला,” वहिनी म्हणाल्या. “रडत होती. म्हणाली, आई, बाबाला पुन्हा पाठवू नकोस. तो बोलत नाही, नुसता दुरुस्त करत बसतो. मला ते बघवत नाही.”

“मग?”

“मग हे आले. चपला काढता काढताच सुरुवात केली. ती अशी म्हणाली, तशी म्हणाली. मी विचारलं, हसली का? म्हणाले, हो, खूप हसली. मी म्हटलं, काय म्हणून हसली? तर थोडं थांबले आणि म्हणाले, मी वाळलोय म्हणून.” वहिनींनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि सोडले. “मी विचारत गेले, ते सांगत गेले. तिच्याकडे जेवलात ना, म्हटलं. तर म्हणाले, पोटभर. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या, तोंडावर दिसत होतं. म्हणून मीच म्हटलं, तरी माझ्यासोबत दोन घास खा, मला एकटीला जेवण जात नाही. आणि वाढलं.”