फुंकरीचा विटाळ

"तोंड लावलंस? तुझं तोंड लावलंस तिला?"

फोरमन एवढ्या मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या माणसानं मशीन बंद केली. माझ्या हातात ॲल्युमिनियमची नळी होती. बोटाएवढी जाड, दोन ठिकाणी वाकवलेली. छोट्या विमानांत माणसं बसतात तिथं गार हवा लागते, त्या गार हवेच्या यंत्राला गॅस नेणारी नळी. मी तिच्यात फुंकर मारली होती. बस, एवढंच केलं होतं.

"ठेव खाली."

ठेवली. त्यानं खिशातून रुमाल काढला. नळी रुमालानं उचलली, मेलेला उंदीर उचलतात तशी. आपल्या टेबलापाशी गेला. खणात तांब्याचा छोटा गडू होता, त्यात गंगाजल. आधी बाहेरून शिंपडलं. मग नळीचं तोंड वर केलं आणि आत थेंब सोडले. ओठ हलत होते, काय म्हणत होता कुणास ठाऊक. दोन्ही टोकांना टोपणं लावली आणि नळी पास झालेल्या मालाच्या पेटीत ठेवून दिली.

मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आजपासून हिनं नळीला तोंड लावायचं नाही. सांगून ठेवतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी शिवी घालता आली असती. शेजारचा किशोर फिटर, तोंडात गुटखा, सकाळपासून त्यानं कितीतरी नळ्या फुंकल्या होत्या. तो खाली बघून पाना पुसत बसला. पुसलेला पाना परत पुसत होता.

माझे कान गरम झाले होते. मी पुढची नळी घेतली आणि साबणाचा फेस लावायला लागले. दुसरं काय करणार होते?

आता हे फुंकणं काय ते सांगते. नळी वाकवली, टोकं पसरवली, धुतली, वाळवली, की टोपण लावायच्या आधी एकदा तोंडानं फुंकायची. दुसऱ्या टोकाला तळहात धरायचा. वारा लागला म्हणजे वाट मोकळी, आत धातूचा किस अडकलेला नाही. शेडमधली सगळीच माणसं फुंकायची. खरं तर हे काम सिलिंडरमधल्या कोरड्या गॅसनं करायचं. पण सिलिंडर महाग, म्हणून तो गळती बघायलाच वापरायचा आणि फुंकायला आपलं तोंड फुकट. फोरमन स्वतः फुंकायचा. मी तिथं नवीन. चार जण करतात तेच मी केलं.

आणि पाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी त्यानंच मला शिकवलं होतं. "नळीत थेंबभर पाणी राहिलं तरी गॅस जिथं बारीक भोकातून जातो तिथं त्याचा बर्फ होतो. भोक बुजतं. वर आभाळात माणसं घामाघूम होतात आणि खाली आपली अब्रू जाते." असं म्हणाला होता. मला ते एवढं आवडलं होतं की घरी येऊन मी मालकांना, माझ्या नवऱ्याला, सांगितलं.

मी धुळ्याकडची. मालक इकडे धाग्याच्या फॅक्टरीत लागले तेव्हा मीही आले. सिल्वासात त्या वर्षांत शेडच शेड उभ्या राहत होत्या. टॅक्स माफ होता म्हणे. डोकमर्डीत खोली घेतली. आजूबाजूला गुजराती, हिंदी, वारली, आणि आमची खानदेशी. फॅक्टरीत शेठ गुजराती होता, त्यानं मला काहीच विचारलं नाही. बारीक नजर आहे का, हात कापतो का, एवढंच बघितलं. विचारलं ते फोरमननं. तो कोकणातला, मराठी माणूस. परक्या मुलखात आपली भाषा ऐकू आली म्हणून मी वेडी हरखले होते. "गाव कुठलं? गावात घर कोणत्या बाजूला?" एरवी टाळायचे ते मी भोळेपणानं सांगून टाकलं. आपल्याच माणसानं आपल्याला बरोब्बर ओळखलं.

माझी आई गावात शाळा झाडायची. आजी बाजार झाडायची. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी मनाशी धरलं होतं की मी झाडू हातात घेणार नाही. आपल्या घरात घेईन, पगारासाठी नाही. म्हणून ते तपासणीचं टेबल मला जिवापेक्षा प्यारं होतं. नवीन नळ्या असायच्या, तशा विमानांतून उतरवलेल्या जुन्याही यायच्या. जुनी नळी विमानात जिथं पट्टीनं बांधलेली असते तिथं घासून झिजली का ते बघायचं. कुठं तेलकट ओल दिसली की समजायचं, इथून गॅस निसटतोय. मग गॅसचा दाब देऊन फेस लावायचा आणि डोळे लावून बसायचं. एक बारीक बुडबुडा उठला की माझं मन असं काही उड्या मारायचं! सापडलास की नाही लेका!

त्या दिवसानंतरही टेबल माझं राहिलं. कारण नजर पाहिजे होती. माझे डोळे चालत होते, हात चालत होते, तोंड तेवढं चालत नव्हतं. मी तपासलेल्या नळ्या आता किशोर फुंकायचा आणि फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. फोरमन शिंपडायचा, टोपणं लावायचा, पेटीत टाकायचा. रोज. बाकीच्यांच्या नळ्या सरळ पेटीत, माझ्या व्हाया गंगा.

एकदा न राहवून मी बोलले. "साहेब, आत पाणी जातंय."

"पाणी?" त्याचे डोळे मोठे झाले. "गंगाजल आहे ते. पाणी म्हणतेस? आता तू मला शिकवणार?"

कानामागून आली अन् तिखट झाली, असं काहीतरी पुटपुटत गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. रोज संध्याकाळी खोलीवर यायचे तेव्हा डोकं फुटायची वेळ यायची. भांडी आपटायचे. मालकांवर खेकसायचे. त्यांचा काय दोष होता?

पावसाळा संपता संपता पेट्या परत आल्या. विमानांतली गार हवा बंद पडत होती, नळ्यांच्या वाटेत बर्फ धरत होता. मुंबईहून गिऱ्हाईक कंपनीचा इंजिनियर चौकशीला येणार, असं ठरलं. शेठचा चेहरा पडला. आणि फोरमननं मला बाजूला बोलावलं. पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलला.

"हे बघ. उद्या साहेब विचारतील. तू सांग, मी नवीन होते, तोंडानं फुंकायचे, चुकलं. श्वासातही ओल असते, त्यांना पटेल. मी शेठशी बोललोय. नोकरी जाणार नाही तुझी. तुला झाडूवर घेतो. कायमची."

कायमची! तो मोठी कृपा केल्यासारखा बघत होता माझ्याकडे. मला वाटलं, टेबलावरचा पाना घ्यावा आणि याच्या कपाळात घालावा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानं उपकार मानायचे. मी म्हटलं, "उद्या सांगते."

घरी मालकांना सांगितलं. ते हातपाय धूत होते. तसेच ओल्या हातानं उभे राहिले. म्हणाले, "हो म्हणून टाक ना. काय जातं आपलं? झाडू काय अन् टेबल काय, पगार सारखाच."

"तुम्हाला देतील झाडू तर घ्याल?"

ते ओले हात पुसायला लागले. मला त्यांचाही राग आला आणि कीवही आली. त्यांच्या फॅक्टरीतही एक फोरमन असेलच की.

सकाळी गेटपाशी लखमी भेटली. खेरडीची वारली बाई, नळ्या धुण्याच्या कामावर. तिचं टेबल फोरमनच्या टेबलासमोरच, तिनं सगळं रोज बघितलेलं. मी म्हटलं, "लखमी, तू सांगशील ना?" ती माझा हात धरून म्हणाली, "मी पाहिलाय बाय. पण मी बोलणार नाय. माजी पोरां हायत." निदान तोंडावर सांगितलं तिनं. तिच्यावर मी आजही रागावत नाही.

इंजिनियर आला. पांढरा शर्ट, हातात बॅग. त्यानं परत आलेली नळी करवतीनं उभी कापायला लावली. आत पांढरी भुकटी धरली होती. ॲल्युमिनियम ओलाव्यानं खाल्लं की अशी भुकटी सुटते. त्यानं बोटानं खरवडली, वास घेतला, विचारलं, "पानी अंदर गया कैसे?"

फोरमननं माझ्याकडे बोट केलं. "ये औरत मुँह से फूँकती थी, साब. मना किया था."

सगळी शेड माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर एका शब्दात सुटका होती. पण तोंड उघडलं आणि आवाज निघाला, आणि तो माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला.

"फुंकलं मी. एकदा. इथं सगळेच फुंकतात, आणि ते चूकच आहे. पण माझ्या फुंकरीनंतर यांनी नळीत पाणी सोडलं. माझ्या हातच्या प्रत्येक नळीत सोडलं. मी महाराची आहे म्हणून. गडू त्या खणात आहे."

'महाराची' हा शब्द त्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला. तोवर तो नुसता रुमालानं उचलला जात होता.

इंजिनियरला मराठी समजत होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं स्वतः जाऊन खण उघडला. गडू बघितला. हात लावला नाही. खण परत लावला. मग विचारलं, "और किसी ने देखा?"

किशोर पाना पुसत होता. लखमी जमिनीकडे बघत होती.

शेठ घाईनं पुढे आला. "अरे बेन, आ धंदो छे. धरम की बात में हम नहीं पड़ते."

आणि इंजिनियरनं काय केलं? बॅगेची चेन लावली. म्हणाला, "नया माल भेजो, ड्राय करके. और इस बाई को लाइन पे मत रखो, झंझट होता है।"

झंझट. म्हणजे मी. पाणी ज्यानं सोडलं तो झंझट नाही. ते बघूनही ज्यानं खण लावून टाकला, तो तर शिकलेला साहेब. मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी हलेल. काही नाही हललं. मशीन सुरू झाली, जेवणाची सुट्टी झाली, माणसं डबे उघडून बसली.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर जाऊन बसले. टेबलाला झाडू टेकवून ठेवला होता. फोरमन आला. "ऊठ."

"नाही उठणार."

"ते काम आता तुझं नाही."

"मग काढून टाका. झाडू घेणार नाही."

काढलं नाही लगेच. नळ्याच दिल्या नाहीत. मी रिकाम्या टेबलासमोर दिवसभर बसून राहायचे. येणारे जाणारे बघायचे. आत जीव जळायचा, रडू यायचं, ते गिळायचे. वाटायचं, काय मिळवतेय मी इथं बसून? पण उठले असते तर ते टेबल माझं नाही, हे त्याचं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं. अशीच बसले, काही दिवस. शेवटी वॉचमननं गेटवरच अडवलं. तो बिचारा बिहारी, मान खाली घालून म्हणाला, "दीदी, हमको मत कहिए कुछ।"

फोरमन तिथंच राहिला. पुढे त्याचा पगारही वाढला, असं कानावर आलं. मालक माझ्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. घरात एका पगारात ओढाताण झाली. याला कुणी विजय म्हणत असेल तर त्यानं माझ्या खोलीत येऊन तो महिना काढून दाखवावा.

पण एक गोष्ट झाली. तोवर मी नाव सांगताना आडनाव गिळायचे. गाव सांगायचे, गावात घर कुठं ते टाळायचे. लपून टेबल मिळतं असं वाटायचं. ते खोटं होतं. लपून जे मिळतं ते कुणी विचारलं की जातं.

गलोंड्याला दुसऱ्या शेडमध्ये काम लागलं. तिथंही गॅसच्या नळ्या, साध्या एसीच्या. पहिल्याच दिवशी तिथल्या सुपरवायझरनं चहा पिता पिता गोड आवाजात विचारलं, "ताई, गाव कुठलं तुमचं? घर गावात कुठल्या बाजूला?" मराठीच होता.

मी कप खाली ठेवला. गाव सांगितलं, वस्ती सांगितली, जात सांगितली, पार पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्यानं. आणि म्हटलं, "इथं तोंडानं फुंकायला बंदी असेल तर ती सगळ्यांना. नसेल तर मीही फुंकेन. माझ्या हातचा कुणाला विटाळ होत असेल तर त्यानं आत्ताच उठावं. मी या टेबलावरून उठणार नाही."