धुतलेल्या तारामाशांचं पाणी

यज्ञेश्वरकाका रायपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण तीस वर्षं समुद्रातले प्राणी त्यांनी बरण्यांत सांभाळले होते.

संशोधन करणारी गंधाली वर्षभर दर महिन्याला कोकणातून तारामासे आणत होती. तारामाशाच्या भुजांखालच्या खाचेत बारीक कृमी राहतात, त्याला त्रास न देता त्याच्या आश्रयाने जगतात. ऋतूंप्रमाणे ते कसे बदलतात, हे तिला पाहायचं होतं. हिवाळ्यातल्या तारामाशांवर कृमी भरपूर निघाले. पावसाळ्यातल्यांवर एकही नाही.

"ते तर मी धुतले," काका सहज म्हणाले. "चिखलानं भरले होते ना."

गंधालीने नोंदवही मिटली. "काका, माझं वर्ष गेलं!"

"काहून जाईन वं पोट्टी?" काकांनी कपाटातून चार बाटल्या काढल्या. प्रत्येकीवर महिन्याची चिठ्ठी होती. "धुतलेलं पाणी गाळून गाळ स्पिरिटात ठेवला. जनावरासोबत आलेलं काही मी मोरीत टाकत नाही."

सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाळात कृमी दिसले. जूनमधले अगदी इवले, सप्टेंबरमधले जरा वाढलेले. पावसाळा हे त्यांचं बालपण होतं, आणि गंधाली तिथे शून्य लिहिणार होती.

तिने बाटल्यांना नवी लेबलं लावली. 'संग्राहक' या शब्दापुढे काकांचं नाव लिहिलं. तीस वर्षं तिथे दुसऱ्यांची नावं लिहीत आलेले काका ते बराच वेळ वाचत राहिले.

"मले समुद्र दाखवशील का?"

"हव काका, पुढच्या खेपेला चला. पण तिथं काही धुवायचं नाही!"