खिरापत फोडतं कोण?

माझ्यावर आयुष्यात एकदाच आळ आला, आणि तोही शंकरपाळ्यांची बातमी बाहेर फोडल्याचा. लग्न होऊन सिंदेवाहीला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं, एवढंच नक्की आठवतं.

भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाईची मूर्ती बसली की महिनाभर संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायच्या. गाणी संपली की घरच्या बाईने बंद डबा हलवून वाजवायचा आणि आत खिरापत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ज्या घरची खिरापत ओळखता आली नाही, त्या घरच्या बाईची मान दुसऱ्या दिवशी विहिरीवर ताठ. आमच्या सासूबाई या मानेच्या बाबतीत फार हळव्या होत्या. त्या वर्षी मात्र डबा वाजायच्या आधीच पोरी ओरडायच्या, "शंकरपाळे!" आणि आत शंकरपाळेच असायचे. चकल्या केल्या, तर चकल्याही अशाच ओळखल्या जायच्या.

चार दिवस असं झाल्यावर त्यांनी मला चुलीपाशी उभं केलं. घरात आम्ही दोघीच. सासरे केव्हाच गेलेले, नवरा आलापल्लीला लाकडाच्या डेपोवर, महिन्यातून एकदा घरी येणारा.

"मी तं सांगत नाई," त्या म्हणाल्या. "मंग कोण सांगून राह्यलं? हे सापडल्याबिगर तुले दिवाळीले माहेर नाई."

माझं माहेर वैनगंगेपलीकडे, आरमोरीच्या बाजूला. भाऊ न्यायला येणार म्हणून मी पोळ्यापासून दिवस मोजत होते. मी रडले, भांडले, भुलाबाईची शपथ घेतली. सासूबाई ढिम्म.

त्यांचा दुसरा संशय कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर. त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. कोणाच्या घरी रवा गेला, कोणाच्या घरी बेसन, हे त्यांना ठाऊक, म्हणून सासूबाईंनी त्यांना तोंडावर विचारलं. चाचांच्या ते काळजाला लागलं. मी मीठ आणायला गेले तर म्हणाले, "बेटी, आता हा तपास माह्याकडं."

तपासाची त्यांची तयारी दांडगी होती. पुडे बांधायच्या रद्दीत जुनी मासिकं यायची आणि गिऱ्हाईक नसलं की चाचा त्यातल्या रहस्यकथा वाचायचे. फक्त शेवटचं पान हमखास कोणाच्या तरी जिऱ्याबरोबर गेलेलं असायचं. त्यामुळे संशय कसा घ्यावा हे त्यांना पक्कं येत होतं, चोर कसा धरावा ते कधी वाचायलाच मिळालं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी पोस्टमनसकट सगळ्यांवर संशय घेतला. दुसऱ्या दिवशी आमच्या परसाच्या कुंपणाशी त्यांना चपलांचे ठसे सापडले. ठशांवर टोपली झाकून त्यांनी चार माणसं गोळा केली, आणि चौघांच्या देखत ते ठसे चाचांच्याच चपलांचे निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते कुंपणाबाहेर स्टुलावर तोंडापुढे चाळणी धरून बसले. चाळणीतून त्यांना गल्ली दिसत होती आणि गल्लीला ते पूर्ण दिसत होते.

पण हसू नये, कारण त्याच दिवशी त्यांना चोर सापडला.

सासूबाई मोठ्या कर्मठ. काहीही तळलं की पहिला घास गल्लीतल्या तांबड्या गाईला, आणि तोही स्वतःच्या हाताने, मागच्या दाराशी. गाय तिथून निघाली की वळणावर पोरी तिला घेरायच्या. एक शिंगं धरायची, दुसरी तिच्या तोंडावरून बोट फिरवून वास घ्यायची. एकीने तर बोट चाटलं, असं चाचा शपथेवर सांगत होते.

"बेटी, चोर सापडला," ते मला म्हणाले. "पण नाव घेतलं तं माहं दुकान बंद अन् तुहं माहेर बंद."

मी म्हटलं, "चाचा, मंग सासूबाईंचा चोर सासूबाईंनाच सापडू द्या."

दुसऱ्या दिवशी चाचा तिळाचा एक भलामोठा लाडू घेऊन दारात आले. "भाभी, मन्नत होती. तुमच्या घासावर हा पण गाईले चारा." सासूबाईंनी त्यांच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं, पण पुण्याला नाही कोण म्हणतं?

संध्याकाळी गाणी झाली. डबा हलायच्या आत पोरी एका सुरात ओरडल्या, "तिळाचे लाडू!"

सासूबाईंनी झाकण काढलं. आत करंज्या.

पोरींची तोंडं बघण्यासारखी झाली. त्यातली सगळ्यात लहान रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण गाईच्या तोंडाले तं तीळ होते."

"कोनाच्या तोंडाले?" सासूबाईंनी विचारलं. आणि त्या पोरीने सगळं सांगितलं, कोणतं बोट वापरायचो तेसुद्धा. शेजारणी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मला तर, खोटं कशाला बोलू, अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं.

मला वाटलं, आता भावाला चिठ्ठी जाईल. दोन दिवस गेले, सासूबाई माहेराचा 'म'सुद्धा काढीनात. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. हातातली परात आपटून मी म्हटलं, "आता तं सापडला न चोर? मंग काऊन नाई धाडत?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू सांगत नाई, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मंग?"

"मागच्या दिवाळीले तू गेली, तं मी पंधरा दिवस चूल पेटवली नाई. एकटीसाठी कोन रांधते?" सुपातला एकच खडा त्या बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिल्या. "चिठ्ठी लिही भावाले."

मला त्यांचा राग आला तो आलाच. एवढा महिना मला रडवलं, एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? त्या रागातच मी चिठ्ठी लिहिली आणि भाऊ आला त्या दिवशी मागे वळूनही न पाहता गेले.

पंधरा दिवस राहायला म्हणून गेलेली मी नवव्या दिवशी वैनगंगेवरच्या परतीच्या डोंग्यात बसले. आई रुसली, काठापर्यंत पोचवायलाही आली नाही. तिला काय सांगणार होते? तिच्या घरात माणसं भरपूर होती.