परक्या किनाऱ्याचा दगड

माझा थोरला भाऊ फुटलेल्या आगबोटीतून जिवंत परत आला, पण आपल्याच घरात त्याला पंगतीला बसता येईना. या गोष्टीला किती वर्षं झाली, तरी ती सांगायला लागले की माझं डोकं तापतं.

आम्ही उदगीरचे लिंगायत. वडिलांची, म्हणजे अप्पांची, तिथे आडत होती. राज्य निजामाचं होतं आणि बाहेर मोठी लढाई चालली होती. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर राहतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं. रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आमची आई, अव्वा, कुणाला घास तोंडात घालू देत नसे. ते हरवलं तर काय, हे आमच्या घरात कुणी बोलूनही दाखवत नसे.

भावाला आम्ही अण्णा म्हणायचो. तो मुंबईला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे चिकटला होता. त्या शेठजींची आफ्रिकेत पेढी होती, तिकडे त्यांनी त्याला धाडलं. आमच्या घरात मोठं पाणी पाहिलेली काय ती मीच, कारण मला नांदेडला दिलेली; गोदावरीला पूर आला की सासूबाई मला कौतुकानं घाटावर न्यायच्या. समुद्र त्याहून थोडा रुंद असेल, एवढीच आमची समज. मग शेठजींचा निरोप आला की बोट खडकावर आपटून फुटली. त्यानंतर कितीतरी दिवस काहीच नाही. अव्वानं भात सोडला आणि कुणाशी बोलेनाशी झाली.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा झाला, आणि त्याच आठवड्यात अण्णा टांग्यातून दारात उतरला. नुसता हाडांचा सापळा राहिला होता. अव्वा धावली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला नाही, आधी सदऱ्याच्या आत घातला. दोरा लागला, कापडात बांधलेली गाठ लागली. "लिंग हाय," एवढंच म्हणून ती उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाट मांडला, विभूती आणि बेल ठेवला. अण्णा पाटावर बसला, पण गाठ काही सोडेना. अप्पा आधी नीट सांगत होते, मग चिडले. शेवटी त्यानं गाठ सोडली. आत सुपारीएवढा एक काळा गुळगुळीत दगड होता. लिंग नव्हतं.

अव्वानं तोंडाला पदर लावला. अण्णानं मग सगळं सांगितलं आणि मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात बसून ते ऐकलं.

बोट फुटली तो आफ्रिकेचा किनारा पोर्तुगिजांचा होता, आणि ते या लढाईत कुणाच्याच बाजूचे नव्हते. बोट इंग्रजांची, आणि तिच्यात बसलेला माझा भाऊ निजामाची रयत. किनाऱ्यावर पोर्तुगिजांचं एक लहानसं ठाणं होतं. पत्र्याची कचेरी, निशाणाची काठी, तापानं पिवळा पडलेला एक गोरा अंमलदार आणि त्याच्या हाताखाली चार-सहा काळे शिपाई, बायकामुलांसकट. त्या लोकांनी लाटा उसळत असताना आपल्या होड्या पाण्यात घातल्या. बोट कुणाची, हे त्यांनी माणसं वर काढून झाल्यावर विचारलं. आमच्याकडे सोलापूरहून यायचं तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अंगावरचं गाठोडं सोडून दाखवावं लागे, तेव्हा कुठे पुढे जाऊ देत. त्यामुळे हे ऐकून मला नवलच वाटलं.

अण्णा पाण्यात बुडत होता. एका शिपायानं होडीतून वाकून त्याची मान धरायला हात घातला, तेव्हा हातात लिंगाचा शिवदोराच आला. त्यानं त्यालाच धरून डोकं पाण्याबाहेर ओढलं, दुसऱ्या हातानं दंड पकडला, आणि दोरा तुटला. लिंग गेलं आणि भाऊ वर आला.

ठाण्यात आधीच दाण्याची ओढ होती, कारण त्यांची रसद घेऊन येणारी होडी आलेली नव्हती. तरी त्यांनी आपली अंथरुणं या लोकांना दिली आणि स्वतः अर्धपोटी राहिले. अण्णाला ताप चढला होता. त्या शिपायाची बायको त्याला चमच्यानं माशाचं पाणी पाजायची. मासा आहे, आपल्यात चालत नाही, हे त्याला कळत होतं. तिचं पोर शेजारी भुकेनं किरकिरत होतं, हेही कळत होतं. तो गळा चाचपत रडायचा. भाषा कुणाला येत नव्हती, पण काहीतरी हरवलंय एवढं त्या शिपायाला उमगलं. ओहोटी लागली की तो किनाऱ्यावर जाऊन शोधायचा, मिळेल ते आणून दाखवायचा. अण्णा मान हलवायचा आणि तो परत जायचा. शेवटी त्यानं हा दगड आणला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून अण्णाला नाही म्हणवलं नाही. तोच कापडात बांधून त्यानं गळ्यात घातला आणि रोज त्याचीच पूजा केली.

हे ऐकून मला रडू कोसळलं. अप्पांच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. माझ्या बाळाचं लिंगधारण तोंडावर आलं होतं, नांदेडहून माझे सासू-सासरे येणार होते. मुलीच्या सासरचे जेवायला बसणार आणि घरचा कर्ता मुलगा बिनलिंगाचा, अंगणात वेगळा बसलेला. अप्पांना दिवसा तारे दिसायला लागले. अण्णाचं ताट खरोखरच अंगणात जाऊ लागलं होतं. अव्वा ते वाढायची आणि आत येऊन डोळे पुसायची.

स्वामींना बोलावलं. म्हातारा माणूस, स्वभावानं मऊ. ते म्हणाले, नवीन लिंग बांधता येतं, त्यात काही अडत नाही. फक्त चार माणसांत म्हणायचं की लिंग सांभाळलं नाही, परक्याचं नको ते खाल्लं, दगड पूजला, चूक झाली. दगड विहिरीत सोडायचा.

अण्णानं गळ्यातली गाठ मुठीत धरली. मग म्हणाला, "लिंग गेलं ती माझी चूक, हजारदा म्हणतो. पर त्यांनी पोराच्या तोंडचं काढून मला घातलं, त्याला चूक कसं म्हणू?"

स्वामींनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांकडे आवाज होता, तो त्यांनी वापरला. मी मध्ये पडले, तर मला बाळंतीण म्हणून आत बसवलं. आत बसून मी जे काही पुटपुटले ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या सासरची माणसं येणार म्हणून हे चाललंय, याची मला शरम वाटत होती आणि रागही येत होता.

शेवटी अव्वा त्याच्यापुढे जाऊन बसली. तिनं त्याचे हात धरले. "म्हण रे बाबा एकदा. तू म्हणल्यानं त्यांचं काय वाईट होणार हाय? मला तुला आत वाढायचंय."

बाळाच्या लिंगधारणाच्या दिवशी एकाच बैठकीत दोघांचं झालं. स्वामींनी आधी माझ्या मुलाच्या गळ्यात लिंग बांधलं. मग अण्णा पुढे झाला. नांदेडची मंडळी, भाऊबंद, सगळे बघत होते. त्यानं एकेक शब्द म्हटला, मध्ये कुठेही न थांबता. लिंग सांभाळलं नाही. परक्याचं नको ते खाल्लं. दगड पूजला. चूक झाली. मग मागच्या दारी जाऊन त्यानं दगड स्वतःच्या हातानं विहिरीत सोडला.

पंगत बसली. अव्वानं त्याला पहिला घास भरवला आणि मगच स्वतः भाताला हात लावला. सासूबाई मला म्हणाल्या की तुझ्या माहेरी सगळं कसं रीतीनं होतं. मी मान खाली घालून बाळाला थोपटत बसले. अव्वाला मुलगा मिळाला होता, त्याचा मला आनंद होत होता. त्या आनंदाची चीडही येत होती. त्या ठाण्यातल्या लोकांचे उपकार मानणारा आमच्यात एकच माणूस होता, आणि त्याच्याच तोंडून आम्ही ते नाकारून घेतले.

पाहुणे निघाल्यावर अण्णा पाळण्यापाशी येऊन बसला. मी त्याला विचारलं, "अण्णा, लई लागलं का रे?"

तो बाळाकडेच बघत होता. "तिकडं त्यांला हे कळणार न्हाई बाई," तो म्हणाला, "तेवढं बरंय."