शकुनाची गाडी

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे आमच्या सुरतेच्या गल्लीत "सबरस, सबरस" अशी हाक आली की माझं डोकं फिरतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, खानदेशातून नवाच आलो होतो तेव्हा, मी लूमवरची नोकरी सोडून साड्यांचे गठ्ठे वाहायला पर्वत पाटिया भागातल्या एका शेठचा जुना टेम्पो घेतला. टायर बघितले, इंजिन ऐकलं, घासाघीस करून शेठला घाम फोडला. गाडीच्या पोटाला ताजं डांबर फासलेलं होतं. "आधी काय वाहायचा?" विचारलं, तर हसून म्हणाला, "सबरस, भाई. शुकननी गाडी छे!" मला वाटलं, सरबताच्या बाटल्या असतील. महिन्याभरात कतारगामला भरल्या गाडीचा ब्रेक दाबला आणि पायाखालचा पत्रा पापडासारखा मोडला. खाली रस्ता पळताना दिसला. गॅरेजवाल्याने डांबर खरवडताच गंजाचे पोपडे गळाले. "मिठागरावरची गाडी आहे," तो म्हणाला. "इकडे मिठालाच सबरस म्हणतात." शेठकडे धावलो, तर तो म्हणाला, "मैंने तो बोला था, भाऊ!" बोलला होताच, म्हणून जास्त संताप आला. मी परत लूमवर गेलो. आजही शेजारी शकुनाचं सबरस घेतात आणि मी गॅलरीतून त्या फेरीवाल्यावर ओरडतो, "अरे, मीठ म्हण, मीठ!"