जाड भोपळ्याची सतार

घर बदलायचं म्हणून सामानाची यादी करत होते. माळ्यावरची सतार खाली काढली, गवसणी सोडली आणि वाळक्या भोपळ्याचा तुरट वास आला. त्या वासासरशी मी तेरा वर्षांची होऊन नांदुऱ्याच्या वाद्यांच्या दुकानात बाबांशेजारी उभी राहिले.

समोर दोन सतारी होत्या. पातळ भोपळ्याच्या सतारीची तार दुकानदाराने छेडली, की सूर बराच वेळ हवेत राहायचा. दुसरीचा लगेच विझायचा. बाबांनी मात्र बियाणं साठवायचा तुंबा निवडावा तसे दोन्ही भोपळे बोटांनी ठोकून पाहिले.

"ही जाड घेऊ. जन्मभर टिकन."

"पण बाबा, त्या पातळ भोपळ्याचा आवाज चांगला हाय."

"पोरगी बरोबर म्हणते, दादा," दुकानदार म्हणाला.

"सतारी तुमी विका. भोपळे मी पिकवतो," बाबा हसले.

दुकानदाराने मग मलाच विचारलं, "बोल बाई, कोणती बांधू?"

मी बाबांकडे पाहिलं आणि जाड भोपळ्याकडे बोट दाखवलं.

वर्षभरात गुरुजी म्हणाले, "हिच्या बोटांत सूर नाही." शिकवणी बंद झाली. मीही ते खरं मानलं. बोटांचं मला आजही ठाऊक नाही. कान मात्र त्या दिवशी माझेच बरोबर होते, आणि तरी बोट मीच दाखवलं होतं.

आज भोपळा सगळीकडून तपासला. एकही तडा नाही. बाबा म्हणाले होते तशी ती टिकली. यादीत तिच्यापुढे लिहिलं, 'द्यायची. अखंड आहे.'